चायनीज आर्टिस्ट बघायचेत, पण सुरुवात कुणापासून?

चीन कसा बदलला ते आर्टमधून बघायचंय म्हटलं की सगळे डोळे झाकून आय वेईवेईचं नाव सांगतात. चूक नाही, पण हाताशी एकच वीकेंड असेल तर मी सोंग दोंग किंवा त्साओ फेई म्हणेन.

आय वेईवेई थेट भिडतो. 2008 च्या सिचुआन भूकंपात शाळा कोसळून हजारो पोरं गेली, त्यावर त्याने 2009 ला म्युनिकच्या एका म्युझियमच्या भिंतीवर 9000 दप्तरं लावली आणि त्यातून एका आईचं वाक्य लिहिलं, माझी मुलगी सात वर्षं या जगात आनंदाने जगली म्हणून. 2011 मध्ये चीन सरकारने त्याला 81 दिवस डांबून ठेवलं होतं. जबरदस्त आहे सगळं, फक्त बघता बघता एकटा माणूस विरुद्ध सरकार एवढंच डोक्यात बसतं, साधी माणसं काय बदलली ते राहून जातं.

सोंग दोंगचं 'वेस्ट नॉट' (2005, बीजिंग) याच्या अगदी उलट. 2002 मध्ये वडील गेले, त्यानंतर आई काहीच टाकेना, घर गच्च भरलं, मग याने आईलाच सोबत घेऊन ते सगळं प्रदर्शनात मांडलं. 10,000 च्या वर वस्तू! टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूब, बाटल्यांची झाकणं, जुने बूट, आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या, ज्या तिने टंचाईच्या काळात पोरांसाठी साठवल्या होत्या आणि पोरांकडे तर आता वॉशिंग मशीन. आपल्याकडे माळा आवरताना आईशी भांडलेल्या कुणालाही हे वेगळं समजवावं लागत नाही. वडिलांसाठी निऑनमध्ये लिहिलंय की काळजी करू नका, आई आणि आम्ही बरे आहोत. प्रॉब्लेम एकच, फोटोत नुसता पसारा दिसतो, त्यामुळे आधी गोष्ट वाचा मग फोटो बघा.

त्साओ फेईचा 'हूज युटोपिया' (2006) हा व्हिडिओ आहे, साधारण 20 मिनिटांचा, म्हणजे स्क्रीनवर बघितला तरी फार काही हरवत नाही. चीनमधल्या फोशान शहरातली बल्बची फॅक्टरी, आधी नुसती मशीन आणि लाइनवरचे हात, मग त्याच शेडमध्ये एक मुलगी बॅले करतेय, कुणी गिटार वाजवतंय, आणि शेवटी कामगार एकेक करून कॅमेऱ्याकडे बघत गप्प उभे. कामासाठी घर सोडून आलेली तरुण पोरं ही, आणि स्वप्नं त्यांनाच विचारून घेतलेली आहेत. पैसा मात्र सीमेन्स कंपनीच्या आर्ट प्रोग्रामचा, आणि फॅक्टरी तेव्हा त्यांच्याच मालकीच्या ऑसराम या बल्ब कंपनीची, हे बघताना लक्षात असू द्या, मला ते थोडं खटकतं.

तर मोबाईलवरच बघणार असाल तर आधी त्साओ फेई, वाचायची तयारी असेल तर सोंग दोंग. राजकारणातच इंटरेस्ट असेल तर मात्र सरळ आय वेईवेई, तिथे मी अडवत नाही.