सात-इन-वन माती प्रोब: उन्हाळा-पावसाळा वापरल्यावर आणि वॉरंटीवरून वाजल्यावर

बंद पडलेल्या प्रोबबद्दल सर्व्हिस सेंटरचा मेल आला तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच. मेलमध्ये म्हटलंय, "खाऱ्या जमिनीतील वापर हा सामान्य वापर नसल्याने वॉरंटी लागू होत नाही." खोक्यावर हा प्रोब, म्हणजे मातीत खुपसायचं मापक, काय काय मोजतो त्याची सात चित्रं छापली आहेत, त्यातलं एक क्षारतेचं. म्हणजे यंत्र क्षारता मोजणार, पण क्षार लागले की जबाबदारी तुमची! कंपनीचं नाव घेत नाही, कारण हाच प्रोब वेगवेगळ्या स्टिकरखाली बरेच जण विकतात. पिना त्याच, डबा तोच, मॅन्युअलमधल्या चुकासुद्धा त्याच.

पाच पिना, हातातला डिस्प्ले, ओलावा, तापमान, ईसी (विद्युतवाहकता, तिच्यावरून क्षारता कळते), पीएच (आम्ल-विम्लता) आणि वर नत्र-स्फुरद-पालाश, असा हा प्रोब. मी ठाण्यात कॉलेजात भूगोल शिकवते. पारसिकच्या डोंगराच्या पूर्व उतारावरून शीळ-दिव्याच्या बाजूने खाली खाचरांत, आणि तिथून खाडीलगतच्या खारात (खाऱ्या जमिनीत), असा एक छेद घ्यायचा. तीच माती मुलांना आधी उपग्रहाच्या चित्रात दाखवायची आणि मग हातात द्यायची, यासाठी हा प्रोब घेतला. कॉलेजच्या नव्हे, स्वतःच्या पैशांनी. साडेसात हजार. पुढचा सगळा सूर त्या साडेसात हजारांचा आहे, हे आधीच सांगते.

पहिली तक्रार वायरची. प्रोब ते डिस्प्ले वायर सव्वा मीटर. टेबलावर ठेवून कुंडीत खुपसायला ठीक आहे. पण माती बघायची म्हणजे ऑगरने (हाताने फिरवायच्या गिरमिटाने) भोक पाडायचं, आणि खारात मीटरभर खाली गेल्याशिवाय राखाडी चिखल लागत नाही. भोकाच्या तळाशी न हललेल्या मातीत पिना रुतवायच्या तर मीटरभर वायर भोकातच गेली. उरली वीतभर. मग डिस्प्ले वाचायचा कसा, तर चिखलात गुडघे टेकून, मान वाकडी करून. शिवाय वायर मऊ, तिने प्रोब खाली दाबताही येत नाही. मी अर्धा इंची पीव्हीसी पाइपच्या टोकाला खाच पाडून त्यात प्रोब अडकवला आणि पाइपने दाबायला लागले. दाबणं जमलं, वाचणं तसंच राहिलं. आता गंमत बघा. या प्रोबमध्ये आरएस-४८५ पद्धतीची जोडणी आहे, आणि तिच्यात सिग्नल बाराशे मीटरपर्यंत नेता येतो. बाराशे! आणि हे लोक देतात सव्वा मीटर. तीन मीटर वायरीला असा किती खर्च आला असता?

ऑगरचं मात्र कौतुक करायला हवं. ऑनलाइन जे मिळतात ते आपल्या मातीत कुचकामी वाटले, म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. अडीच इंची बकेट, वर टी-हँडल, मध्ये जोडायला आटे. किंमत प्रोबच्या पावपट सुद्धा नाही. उतारावर तो वीतभर गेला की मुरमाला लागतो आणि करकर वाजतो, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड आणि वर एवढीशी माती, हे मुलांना त्या आवाजावरूनच कळतं. खाचरात काळी चिकट माती येते, चिमटीत दाबली की लांब फीत निघते. खारात वरचा तांबूस ठिपक्यांचा थर गेला की निळसर राखाडी चिखल, त्यात शिंपल्यांचे तुकडे आणि सडक्या अंड्यांचा वास. वास आला की मुलं मागे सरतात. हायड्रोजन सल्फाइडचा धडा तिथेच होऊन जातो.

आता नत्र. पहिल्याच फेरीत खारातल्या एका शेतात प्रोबने नत्र, स्फुरद, पालाश असे काही आकडे दाखवले की युरियाचं पोतं ओतल्यासारखे. ज्यांचं शेत होतं ते काका बांधावर उभे होते. डिस्प्लेकडे बघून म्हणाले, "मॅडम, नत्र कसला, मीठ हाय त्यो." घरी येऊन ग्लासभर नळाच्या पाण्यात प्रोब धरला, चमचाभर मीठ टाकलं. नत्र वाढलं. स्फुरद वाढलं. पालाशही वाढलं, आणि तिन्ही एकाच प्रमाणात. आणखी मीठ टाकलं, तिन्ही आणखी वर. म्हणजे हा प्रोब विद्युतवाहकता मोजतो, तिला तीन वेगवेगळ्या गुणकांनी गुणतो आणि तीन नावांनी दाखवतो. मॅन्युअलच्या शेवटी ते गुणक बदलायची सोयही दिली आहे! प्रयोगशाळेत उपलब्ध नत्र क्षारीय परमँगनेटने काढतात, स्फुरद ऑल्सेन पद्धतीने, पालाश अमोनियम अॅसिटेटने. प्रत्येकाला वेगळं रसायन लागतं. ते काम स्टीलच्या पाच पिना काही सेकंदांत करतात असं कोणी सांगितलं, तर आपणच विचारायला हवं. पीएचचीही तीच गत. डोंगरावर सात, खाचरात सात, खारातही सातच्या आसपास. एवढा समतोल तर स्टाफरूममध्येही नसतो.

इथपर्यंतचा अनुभव मी मे महिन्यातच लिहिला असता तर एक तारा दिला असता. पण मग मत थोडं बदललं.

मे महिन्यात खारात पांढरा थर फुटलेला असतो. खालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. त्या थरात प्रोब खुपसला, ईसी जवळजवळ शून्य! मी वैतागले. पण कारण साधं आहे: माती कोरडी, आणि पाण्याशिवाय मीठ वीज वाहून नेत नाही. बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं तर आकडा भसकन वर. म्हणजे जागेवर खुपसून मिळतो तो मीठ आणि ओलावा यांचा मिळून एक आकडा. मग पद्धत बदलली. प्लास्टिकच्या मगात वाळवून चाळलेली माती एक भाग, पाणी अडीच भाग, ढवळायचं, थोडं थांबायचं, मग प्रोब बुडवायचा. असं केल्यावर प्रोब शहाण्यासारखा वागायला लागला. काही नमुने प्रयोगशाळेत दिले होते. आकडे जुळले नाहीत, पण क्रम जुळला. सगळ्यात खारं कोणतं, त्याच्या खालोखाल कोणतं, हे दोघांनी एकसारखंच सांगितलं. खारी जमीन म्हणायची ती संपृक्त अर्काचा (माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याचा) ईसी ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेल्यावर, आणि अडीच भाग पाण्यातला आकडा त्याहून बराच कमी येतो. हा फरक लक्षात ठेवून वापरलात तर काम होतं. उघाडीजवळच्या (उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार) शेताचा मे महिन्यातला आकडा आणि पावसाने चांगलं धुतल्यानंतरचा आकडा शेजारी ठेवला तर पाऊस मीठ कसं खाली नेतो ते फळ्यावर न लिहिताच दिसतं. काका या शेतात पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं पनवेल-३ भात लावतात. ते म्हणाले, उघाडी नीट लागली नाही तर ते भातही रुसतं.

उपग्रहाची चित्रं फुकट, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच झाला. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा एक पिक्सेल (चित्रातला एक ठिपका) दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. वर्गात हे सांगितलं की मुलांचे चेहरे उजळतात, कारण सातबारा घरोघरी असतो. ओल्या मातीसाठी कामाचा जो लघुतरंग अवरक्त पट्टा आहे तो मात्र वीस मीटरचा, म्हणजे चार गुंठे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा तीस मीटरचा पिक्सेल नऊ गुंठे. आपल्याकडच्या तुकड्यांच्या शेतीत नऊ गुंठ्यांत तीन भावांची शेतं येतात.

या हिशोबात पहिला गोंधळ राबाने केला. एप्रिल-मे महिन्यात चित्रात काळे ठिपके दिसले आणि मुलं म्हणाली, इथे काळी माती. जाऊन बघितलं तर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा-शेण पसरून भाजलेली जागा. राब गुंठ्याहूनही लहान असतो, पण पिक्सेलमधल्या बाकीच्या मातीत मिसळून सगळा पिक्सेल काळपट करतो. उलट्या बाजूने, मिठाचा पांढरा थर शोधायला गेलं तर भिवंडीकडच्या गोदामांची पत्र्याची छपरं आधी चमकतात. म्हणून ऑगर घेऊन जाण्याला पर्याय नाही.

दुसरा गोंधळ भरतीचा, आणि यात मला खरी मजा आली. उपग्रह आपल्यावरून जेव्हा जातो तेव्हा ठराविक वेळीच, साधारण अकराच्या सुमारास जातो. खाडीचं पाणी मात्र तिथीप्रमाणे चालतं. कोळी-आगऱ्यांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे उपग्रह डोक्यावर असताना खाडी तुडुंब, अमावस्येलाही तसंच. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. ठाण्याच्या टोकाला सगळंच थोडं उशिरा. तर खाडीकाठचा उघडा चिखल बघायचा असेल तर पंचमी ते अष्टमीच्या आसपासची चित्रं निवडायची; पौर्णिमेचं घेतलं तर चिखल गायब, आणि सॉफ्टवेअर सांगणार की पाण्याचं क्षेत्र वाढलं. पंचांग आणि उपग्रहाचं वेळापत्रक शेजारी ठेवून तारखा निवडतो आम्ही आता. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रं बंदच, तेव्हा ढगांतूनही बघणारं सेंटिनेल-१ चं रडार. ३० जुलै २०२५ ला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह गेला आहे, त्याच्या लांब लहरींच्या रडारने खारफुटीखालचं काही दिसतं का ते मुलांना करून बघायला देणार आहे.

उंचीचे नकाशे वापरणाऱ्यांनी एक सांभाळावं. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा तीस मीटरचा उंचीचा नकाशा २०११ ते २०१५ मधल्या टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या रडारच्या मोजणीवरून केलेला आहे, आणि त्यात वर जे दिसतं त्याची उंची येते, जमिनीची नव्हे. खारफुटीचे शेंडे त्यात टेकडीसारखे उभे राहतात. त्यावर पाण्याची वाट काढली तर पाणी खाडीकडून शेताकडे वाहताना दिसतं. मुलांनी असा नकाशा काकांना मोबाइलवर दाखवला. काका म्हणाले, "मंग आमचा बांध कशाला हाय?"

आता वॉरंटी. जुलैत पावसात प्रोब बंद पडला, डिस्प्लेवर नुसत्या आडव्या रेघा. वायर जिथे डब्यात शिरते तिथल्या रबरी बुचातून पाणी आत गेलेलं, डोळ्यांना दिसत होतं. डब्यावर आयपी-६८ छापलंय, म्हणजे पाण्यात बुडाला तरी आत पाणी जाऊ नये. पाठवला. पहिल्यांदा म्हणाले, मिळालाच नाही. मग म्हणाले, मिळाला, पण पिनांवर गंज आहे. फोनवर एक मुलगा फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही गोड मातीत वापरायला पाहिजे होता." गोड मातीत क्षारता मोजून मी काय करू, असं विचारलं तर साहेबांशी बोलतो म्हणाला. साहेबांचं उत्तर म्हणजे वर दिलेला मेल. कुरिअरचे दोन्ही वेळचे पैसे माझेच.

शेवटी कॉलेजातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी आणि त्यांच्या एका विद्यार्थ्याने डबा उघडला. बुचात सीलंट नावालाच होतं. वायर काढून स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेली चार तारांची शील्डेड वायर टाकली, तीन मीटर, आणि तोंडाशी इपॉक्सी भरून टाकलं. खर्च एका सिनेमाच्या तिकिटाएवढा. पुढच्या फेरीत पहिल्यांदाच उभं राहून आकडा वाचला. पीएच अजूनही सात.

मग घ्यावा का? नत्र-स्फुरद-पालाशसाठी मुळीच नाही. त्यासाठी मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. ओलावा, तापमान आणि ईसी एवढंच दाखवणारा थ्री-इन-वन याच विक्रेत्यांकडे बऱ्याच कमी पैशांत मिळतो. आणि खारी जमीन नसेल, कुंड्या किंवा परसबागच असेल, तर पाणी कधी घालायचं हे बोट मातीत घालूनही कळतं. थ्री-इन-वनचेही पैसे वाचतील. मला तीन तारे द्यावेसे वाटत होते, कुरिअरचे पैसे आठवले म्हणून दोन.