स्टीलचा गॅस लायटर: खटका वाजतो, ठिणगी कुठं जाते?

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या भांड्यांच्या दुकानांत काउंटरवरच्या डब्यात खोचून ठेवलेले असतात, तेच हे लायटर. स्टीलची नळी, मागं अंगठ्यानं दाबायचा खटका, सेल नाही, चार्जिंग नाही. किंमत शंभराच्या आसपास. उन्हाळ्यात याच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. रंकाळ्यावर पावसाळी ढग उतरले की मात्र घरोघरी सकाळी टक्-टक्-टक् सुरू होतं आणि चहाचं आधण तसंच थांबतं. चार दिवसांनी लायटर कचऱ्यात जातो, नवा घरात येतो. टाकलेल्यांपैकी बरेच बिघडलेले नसतात, नुसते ओलावलेले असतात.

आतलं यंत्र साधं आहे. खटका दाबला की स्प्रिंग आवळत जाते, ठरावीक जागी खाच सुटते आणि छोटी हातोडी सिरॅमिकच्या बारक्या कांडीवर आदळते. दणका बसला की वीज तयार करणारा हा पदार्थ, बहुतेक वेळा लेड झिर्कोनेट टायटॅनेट. (स्फटिकांचा हा गुण जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवला. पुढं मेरी क्युरींनी किरणोत्सार मोजला तो याच तत्त्वावरच्या क्वार्ट्झच्या मदतीनं. आपण त्यावर चहा करतो.) हातोडी स्प्रिंगच्या जोरावर सुटते, त्यामुळं अंगठा कितीही आपटला तरी ठिणगी तेवढीच. सावकाश दाबून बघा, फरक पडत नाही. आपटल्यानं आतलं प्लॅस्टिक तेवढं लवकर फुटतं.

तयार झालेली वीज मधल्या तारेच्या टोकावरून नळीच्या कडेवर उडी मारते, ती ठिणगी. कोरड्या हवेत मिलिमीटरभर उडीला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणजे चार मिलिमीटरच्या फटीला दहा-बारा हजारांचा मामला. तारेला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकवर काजळी आणि ओल यांचा थर बसला, की विजेला उडी मारायची गरजच उरत नाही. ती त्या थरावरून गुपचूप नळीत उतरते. खटका वाजतो, उजेड नाही.

ही ओल येते कुठून? निम्म्या घरांत लायटरची जागा चमच्यांच्या स्टँडमध्ये असते. धुतलेले चमचे निथळून स्टँडच्या तळाशी पाणी साचतं आणि लायटर नेमका तोंड खाली करून त्यात उभा. उरलेल्या घरांत तो कुकरच्या शिट्टीच्या वाफेत पडलेला. मागच्या कडीला धरून शेगडीपासून हातभर लांब खिळ्याला टांगा, निम्मी कटकट संपली.

बंद पडलाच तर पाण्याखाली धरू नका. कान कोरायच्या कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून नळीच्या आत, तारेभोवती फिरवा; कापूस काळा निघेल. तार वाकून नळीला टेकली असेल तर टाचणीनं मधोमध आणा, कारण फटच नसली तर ठिणगी कशाची? मग लायटर रात्रभर कोरड्या जागी ठेवा. स्पिरिट पुरतं उडून गेल्याशिवाय शेगडीजवळ नेऊ नका. एवढं करूनही खटक्याचा ‘टक्’ आवाजच येत नसेल तर आतली खाच किंवा स्प्रिंग गेली. त्याला दुरुस्ती नाही.

घेताना डब्यातला पहिला उचलून पिशवीत टाकू नका. नळीवर हाताचा आडोसा करून दहा वेळा दाबा. दहाही वेळा निळसर ठिणगी टोकाशी दिसली पाहिजे; आठ-नऊ वेळा दिसली तर दुसरा मागा, दुकानदार देतो. नळी मुठीत हलते का बघा. हलणारी नळी म्हणजे सैल जोड, आणि तो पुढं सैल होतच जाणार.

ठिणगी चांगली असून शेगडी पेटत नसेल तर धरायची जागा चुकते. बर्नरच्या टोपीच्या मधोमध भोकं नसतात, तिथं गॅस येत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो कडेच्या भोकांतून निघून खाली उतरतो. म्हणून लायटर तिरका करून टोक कडेच्या भोकांशी न्या, आधी खटका तयार ठेवा, मग कॉक फिरवा. तीन-चार दाबांत पेटलं नाही तर कॉक बंद, खिडकी उघडी, गॅसचा वास जाईपर्यंत थांबा. साचलेल्या गॅसवर पुन्हा ठिणगी पाडली तर भुवया जातात.

यूएसबीवर चार्ज होणारे आर्क लायटर आता सगळीकडे दिसतात. कँडलसाठी झकास. शेगडीवर मात्र दोन टोकांमधली फट बारीक, टोक ज्वाळेच्या फार जवळ न्यावं लागतं, आणि आत बॅटरी. महापुरात दोन-दोन दिवस लाईट नसते तेव्हा चार्जिंग कुठं करणार? स्टीलचाच घ्या. पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याखालीही त्याची लांब नळी नीट पोचते, हात भाजत नाही.

एका बाबतीत मात्र तो बिनकामाचा. त्याच्या ठिणगीवर निरांजन, उदबत्ती, पणती काहीच पेटत नाही. देवघरासाठी काडेपेटी लागणारच, आणि पावसाळ्यात तिलाही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं लागतं.