फायरबर्डचा 'एलिट', स्पेक्ट्रम आवृत्ती: आधी भिंग बघा, मग बॉक्स

झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकासाठी जमवायच्या गेमच्या बॉक्समध्ये फायरबर्ड कंपनीच्या 'एलिट' या अंतराळातल्या व्यापार-लढाईच्या गेमइतका फसवा बॉक्स दुसरा नाही. पुठ्ठा धड असतो, कॅसेट वाजते, गेम लोडही होतो आणि तरी खेळता येत नाही. आतला बोटभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे नक्कल रोखण्यासाठी दिलेलं लेन्सलॉक नावाचं भिंग, मधल्या चाळीस वर्षांत कुठेतरी गहाळ झालेला असतो. म्हणून निकाल आधीच सांगतो. लेन्सलॉक जागेवर असेल तर हा बॉक्स दोन पैसे जास्त देऊनही घ्यावा. नसेल तर कपाटात मांडायची वस्तू म्हणून जेवढे द्याल तेवढेच द्यावेत.

डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा हा गेम १९८४ मध्ये एकॉर्नसॉफ्टने बीबीसी मायक्रो या संगणकासाठी काढला. स्पेक्ट्रमची आवृत्ती टोरस या कंपनीने बनवली आणि ती १९८५ मध्ये आली. ४८ के (किलोबाइट) मेमरीचं मशीन लागतं. १६ केवर चालत नाही. बॉक्समध्ये कॅसेट आणि लेन्सलॉकखेरीज उड्डाणाची पुस्तिका, रॉबर्ट होल्डस्टॉक यांची 'द डार्क व्हील' ही छोटी कादंबरी आणि सुटी पत्रकं मिळतात. कादंबरी नसली तर गेम अडत नाही. पुस्तिका मात्र हवीच. कुठला माल बेकायदेशीर, कुठल्या राजवटीच्या ग्रहावर चाचे जास्त, कुठलं उपकरण कशासाठी, यातलं फारसं काही पडदा सांगत नाही. स्कॅन करून छापलेली पुस्तिका 'मूळ' म्हणून खपवली जाते. पिनांपाशी गंजाचा हलका डाग आणि घडीवर कागदाची झीज असेल तर बहुधा खरी. सगळंच कोरं करकरीत असेल तर जवळून फोटो मागवा.

आता लेन्सलॉक. पारदर्शक प्लास्टिकच्या चौकटीत उभ्या प्रिझमची रांग, एवढंच ते यंत्र. लोडिंग संपलं की पडद्यावर दोन अक्षरं उभ्या पट्ट्यांत कापून, उलटसुलट करून दिसतात. प्रिझम प्रत्येक पट्टीला तिच्या मूळ जागी सरकवतात आणि अक्षरं वाचता येतात. प्रत्येक लोडला अक्षरं नवी, त्यामुळे एकदा लिहून ठेवून भागत नाही. तीनदा चुकलात की पुन्हा पहिल्यापासून लोड करा.

कोडच्या आधी एक जुळणी असते आणि निम्मे लोक इथेच अडकतात. पडद्यावर मोजमापाची एक खूण येते. लेन्सलॉक काचेला टेकवायचं आणि खुणेची रुंदी त्याच्या रुंदीइतकी होईपर्यंत कमीजास्त करायची. मग चौकटीच्या दोन्ही बाजू दुमडून, एक डोळा मिटून, भिंगाच्या बरोबर समोरून बघायचं. 'ओके' ही अक्षरं स्पष्ट दिसली तरच पुढे जा. 'बहुतेक ओकेच असावं' असं वाटत असेल तर जुळणी चुकलेली आहे. किंचित तिरकं बघितलं तरी पट्ट्या एकमेकींवर चढतात.

हे सगळं त्या काळच्या छोट्या टीव्हीच्या हिशेबाने आखलेलं आहे. भल्यामोठ्या टीव्हीवर खूण कितीही आकसली तरी लेन्सलॉकपेक्षा रुंदच राहते. रुंद पडद्यावर चित्र आडवं ताणलं गेलं की पट्ट्याही ताणल्या जातात, म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन ४:३ करा. १४ इंची जुना टीव्ही किंवा लहान मॉनिटर असेल तर प्रश्नच मिटला. मोठ्याच पडद्यावर खेळायचं असेल तर पडद्याचा फोटो संगणकावर घ्या आणि लेन्सकी या प्रोग्रॅममध्ये उलगडून बघा. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.

विकत घेताना खरी मेख पुढेच आहे. लेन्सलॉक प्रत्येक गेमचं वेगळं असतं. 'टोमाहॉक', 'एस', 'आर्ट स्टुडिओ', 'द प्राइस ऑफ मॅजिक' यांच्यातही ते होतं आणि दिसायला सगळी एकाच घरची. एका बॉक्सचं दुसऱ्यात गेलेलं सर्रास सापडतं. 'एलिट'च्या सुरुवातीच्या काही प्रतींत तर चुकीचं लेन्सलॉक कारखान्यातूनच गेलं होतं. त्यामुळे 'सील न उघडलेला' बॉक्सही खात्रीचा नाही. विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागा: भिंगातून 'ओके' वाचता येतंय असा फोटो. खुणेची रुंदी नेमकी जुळवूनही 'ओके' उमटत नसेल तर भिंग दुसऱ्या गेमचं आहे. प्रिझमवर ओरखडे असतील तर ते चालतात; बिजागरीपाशी तडा असेल तर ते दुमडताना तुटणार. पुसताना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं वापरा. स्पिरिट, थिनर यांच्या वाटेला जाऊ नका, प्लास्टिक पांढरं पडतं.

कॅसेटबद्दल घाबरण्यासारखं कमी आहे. या टेप आश्चर्य वाटावं इतक्या टिकल्या आहेत. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, ती कॅसेट डेकमध्ये घालू नका. टेप वाचणाऱ्या हेडला लागून पुढच्या कॅसेटलाही चिकटते. हेडसमोरचा छोटा नमदा गळून पडला असेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज घुसमटतो. अशा वेळी टेपची दोन्ही रिळं स्क्रूच्या कव्हरमध्ये हलवायची. वर्षानुवर्षं न वाजलेली कॅसेट पहिल्यांदा लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या, चिकटलेले थर सुटतात.

बहुतेक वेळा दोष डेकचाच निघतो. हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारी दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पिंच रोलर (टेप दाबून धरणारं चाक) रबरी असल्याने त्याला ते बेतानेच लावा. बेल्ट ताणलेला किंवा विरघळून चिकट झालेला असेल तर तो आधी बदला, बाकीची खटपट नंतर. मग अझिमथ, म्हणजे टेपशी असलेला हेडचा कोन. हेडच्या एका बाजूला, स्प्रिंगवर बसलेला छोटा स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो पाव आट्याच्या आत दोन्हीकडे फिरवून बघा आणि आवाज सगळ्यात टोकदार, कर्कश होईल तिथे थांबा. कानाला बरा वाटणारा गोलसर आवाज स्पेक्ट्रमला नको असतो. ट्रेबल पूर्ण वर, बास पूर्ण खाली, व्हॉल्यूम पाऊण. प्रत्येक कंपनीच्या टेप वेगवेगळ्या यंत्रांवर भरल्या गेल्यामुळे एका कॅसेटला जुळवलेलं अझिमथ दुसरीला चालेलच असं नाही. म्हणून स्क्रूच्या मूळ जागेवर आधी रंगाची खूण करा.

जोडणी सोपी आहे. डेकच्या इअरफोनच्या भोकातून स्पेक्ट्रमच्या 'इअर' सॉकेटमध्ये ३.५ मिमीची वायर. स्टिरिओ डेक असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र न करता एकच घ्या, कारण अझिमथ जरा जरी चुकलं तरी दोन्ही चॅनेल एकमेकांना मारतात. जे दाबून 'लोड' आणा, सिम्बॉल शिफ्टसह पी दोनदा, एंटर, आणि प्ले. किनारीवर लाल-निळसर जाड पट्टे दिसले की सुरुवातीचा सूर पकडला गेला. निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे माहिती आत जातेय. स्पेक्ट्रमचा वेग साधारण १५०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), तेव्हा पाच मिनिटांच्या आसपास धीर धरा.

लोड फसलं तर नेमकं कुठे फसलं ते बघा. दर वेळी एकाच ठिकाणी अडत असेल तर टेपचा तेवढा तुकडा खराब आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडत असेल तर हेड, व्हॉल्यूम किंवा बेल्ट. पट्टे दिसतात पण स्थिर होत नाहीत, तर व्हॉल्यूम कमी आहे. आणि आठवणीने: स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण प्लगच्या मध्यावर ऋण टोक असतं. हाताशी आहे म्हणून दुसराच अडॅप्टर लावला तर लोडिंगच्या चुका शोधायला मशीनच शिल्लक राहणार नाही.

पहिल्यांदा नीट लोड झाल्याबरोबर टेपची ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो डब्ल्यूएव्ही प्रत काढा आणि टीझेडएक्स (स्पेक्ट्रमच्या टेपसाठीची फाइल) करून ठेवा. पुढे रोज खेळायला ती प्रत, मूळ कॅसेट बॉक्समध्ये उभी, स्पीकरपासून लांब. प्रत फोनवरून वाजवणार असाल तर इक्वलायझर बंद आणि आवाज पूर्ण. लेन्सलॉकपासून मात्र प्रतीनेही सुटका नाही.

एवढा सायास करून मिळतं काय? आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि हे सगळं ४८ केमध्ये. ग्रहांची यादी साठवलेली नाही, ती सहा बाइटांच्या बीजातून दर वेळी गणिताने उगवते. लाव्ह ग्रहावर १०० क्रेडिट, कोब्रा एमके ३ जहाज आणि साधं पल्स लेझर घेऊन सुरुवात होते. नवखे लगेच लढायला जातात आणि मरतात. आधी धंदा करा. लाव्ह शेतीप्रधान, तर ७ प्रकाशवर्षांच्या टप्प्यातले झाओन्स आणि लीस्ती औद्योगिक आणि शांत राजवटीचे. इथून अन्नधान्य न्या, तिथून यंत्रं किंवा संगणक आणा. २० टनांची कोठी ३५ टनांची करणं हा पहिला शहाणा खर्च. दुसरा डॉकिंग कॉम्प्युटर, म्हणजे जहाज आपोआप अंतराळ स्थानकात शिरवणारं उपकरण. तो येईपर्यंत स्थानकाचं दार नेहमी ग्रहाच्या बाजूला असतं एवढं ध्यानात ठेवा. ग्रह आणि स्थानक यांच्या मधोमध या, वळून दार पडद्याच्या मध्यावर धरा, वेग पाडा आणि स्थानकाच्या फिरण्याशी आपलं फिरणं जुळवा. 'एलिट' हा किताब ६,४०० जहाजं पाडल्यावर मिळतो, तेव्हा घाई नको.

चित्रं तारेच्या सांगाड्यासारखी, रेषांची. बीबीसी मायक्रोचा सफाईदारपणा इथे नाही. आवाज स्पेक्ट्रमच्या साध्या बीपरचा, कमोडोर ६४ संगणकावर डॉकिंगच्या वेळी वाजणारी 'ब्लू डॅन्यूब' ही सुरावट इथे ऐकू येणार नाही. पण शोध, व्यापार आणि जीव वाचवत घरी येणं, हा गाभा पूर्ण उतरला आहे.

खेळाडूची नोंद टेपवरच सेव्ह होते. त्यासाठी मूळ कॅसेट कधीही वापरू नका. साधी फेरिक, कमी लांबीची कोरी कॅसेट घ्या. सी-९० ची टेप पातळ असते, ताणली जाते. सेव्ह करताना 'इअर'ची वायर काढून फक्त 'माइक'ची ठेवा, नाहीतर काही डेकमध्ये सिग्नल उलटा फिरून नोंद बिघडते. एकाच नोंदीच्या लागोपाठ दोन प्रती घ्या आणि काउंटरचे आकडे पेन्सिलने लेबलवर लिहा.