ठाणे खाडीतली रोहित सफर: पैसे भरण्याआधी तिथी विचारा

ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला या हिवाळ्यात मी दोनदा पैसे मोजले. पहिल्या वेळी पाणी बघून आले, दुसऱ्या वेळी पक्षी. दोन्ही फेऱ्यांत महिनाभराचं अंतर, खाडी तीच, बोटीही साधारण सारख्याच. फरक कशाने पडणार हे माझ्या सासूबाईंना पहिल्या फेरीच्या आदल्या रात्रीच कळलं होतं, पण त्यांना विचारतंय कोण!

मी डोंबिवलीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी दुर्बिणीला, त्यामुळे घरात माझी यथेच्छ चेष्टा होते. पक्षी बघायला लागून सहाच वर्षं झालीत, तेव्हा हे तज्ज्ञाचं मत समजू नका. पैसे भरून जाणाऱ्या गिऱ्हाईकाचं समजा.

पहिली सफर एका हौशी सहलवाल्याची होती. नाव लिहीत नाही, कारण असे डझनभर आहेत आणि चूक सगळ्यांची एकच असते. रविवारी सकाळी साडेअकराला बोट सुटणार होती. ‘म्हणजे सगळ्यांना आरामात नाश्ता करून येता येईल,’ असं ग्रुपवर लिहिलं होतं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. मीही अंगठा दिला. रात्री भाकऱ्या थापता थापता सासूबाईंनी विचारलं, “तिथ कंची हाय उद्याची?” फ्रिजशेजारच्या कालनिर्णयात मी बघून सांगितलं, वद्य प्रतिपदा, पौर्णिमेचा दुसरा दिवस. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “मग पानी भरलेलं आसंल गो. पाखरं काय डोक्यावर उभी ऱ्हातील?”

सासूबाई उरणच्या. त्यांच्या माहेरी भरतीची वेळ कुणी मोबाइलवर बघत नसे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते येतं: अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा. मग सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्यावर हा हिशेब पाऊण तास इकडेतिकडे धरून बरोबर लागतो. आत खाडीत पाणी जरा मागून चढतं, एवढंच. म्हणजे प्रतिपदेला पाऊणच्या सुमारास भरती, तीही उधाणाची, आणि आमची बोट साडेअकराला सुटणार.

झालंही तसंच. तिवरांच्या शेंड्याखाली हातभर जागा सोडली तर सगळीकडे करडं, सपाट पाणी. रोहित पाय बुडतील एवढ्या पाण्यात किंवा चिखलात उभं राहून खातो. चिखलच बुडाला तर तो करणार काय? भरतीला हे थवे उठतात आणि काठाच्या तळ्यांत, नेरुळच्या डीपीएस तळ्यासारख्या ठिकाणी जाऊन बसतात. पाणी उतरलं की परत येतात. आम्ही दीड तास खाडीत फिरलो आणि लांब आकाशात एक गुलाबी रेघ तेवढी दिसली. सहलवाला म्हणाला, “निसर्ग आहे, गॅरंटी देता येत नाही.” तोच दिवस, तीच बोट, फक्त साडेआठला सोडली असती तर चढत्या पाण्यात सगळं समोर असतं.

भरपाई म्हणून त्याने फरसाणाची पिशवी काढली. कुरव पक्षी बोटीमागे ओरडत आले, लोकांनी मूठ-मूठ शेव उधळली, फोटो निघाले. एकाच्या चोचीत शेव आणि मागे ऐरोलीचा पूल, असा एक फोटो माझ्याकडेही आहे, लाजेकाजेस्तव ठेवलेला. हजारो किलोमीटर उडून इथे हिवाळा काढायला आलेल्या पक्ष्याला आपण तिखट-मिठाचं तळण घालतो आणि त्याला पक्षीनिरीक्षण म्हणतो. तेवढ्यावरूनच मी त्या सहलीचे सगळे तारे कापले. पाणी-बिस्लेरीची सोय चांगली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

आता दुसरी फेरी, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

खाडीकाठच्या गावातल्या एका नाखव्याचा नंबर लॅबमधल्या एकाने दिला. घरची बोट, मासेमारी आता नावापुरती, हिवाळ्यात वनखात्याच्या रीतसर परवान्यावर माणसं फिरवतो. फोनवर मी पहिलाच प्रश्न विचारला, “दादा, भरती किती वाजता?” पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हसला आणि म्हणाला, “ताई, लोक आधी किती कमी करणार ते विचारतात.” त्याने स्वतःहूनच माघ वद्य द्वितीया सांगितली, मंगळवार. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी सव्वासातच्या पुढे पाणी चढायला लागणार. नऊला निघायचं आणि पाण्याबरोबर आत सरकायचं. उतरत्या पाण्यात तो पाहुणे घेत नाही. चिखलावर बोट टेकली की पुढच्या भरतीपर्यंत तिथेच बसायचं, आणि बायामाणसांना मग पंचाईत. मी रजा टाकली. सासूबाई म्हणाल्या, मीपण येते. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. नाखव्याला विचारलं तर म्हणाला, “आजीला आणा, जेट्टीवर फळी टाकतो.” आणि खरंच टाकली.

बोटीत आम्ही सहाजण. सुटलो तेव्हा दोन्ही बाजूंना चिखलपट्टे उघडे होते, ओल्या लादीसारखे चमकणारे. तिवरांच्या बुंध्याभोवती श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. सासूबाईंनी बसल्याबसल्या पहिला पक्षी नाही, निवटा मासा दाखवला: चिखलावर कोपरं टेकवून सरकणारा, डोळे टपोरे, मधेच उडी. “याचं कालवण आंबट करतात,” त्या सगळ्या बोटीला म्हणाल्या. पुण्याहून आलेली दोन मुलं भलीमोठी लेन्स घेऊन बसली होती, त्यांनी निवट्याचे चाळीस तरी फोटो काढले. मग सासूबाईंनीच तिवरांकडे बोट केलं. झाडांच्या फांद्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या, सगळ्या एकाच उंचीवर, पट्टी लावून आखल्यासारख्या. “तवर चढतं पानी,” त्या म्हणाल्या. परवाच पौर्णिमेचं उधाण होऊन गेलं होतं, त्याची खूण शहराच्या कचऱ्यानेच करून ठेवली होती.

हा सगळा पश्चिम काठ, ऐरोली पूल ते वाशी पूल, 2015 साली ठाणे खाडी रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला. कांदळवन आणि पाणी मिळून सुमारे 1,690 हेक्टर. 2022 मध्ये खाडी रामसरच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीतही गेली. डोक्यावर उच्चदाबाच्या तारा, मागे इमारती, हवेत सांडपाण्याचा वास. तोंडाला रुमाल लावणाऱ्यांनी येऊच नये असं माझं मत आहे, कारण अभ्यासक सांगतात की त्या सांडपाण्यावरच इथलं शेवाळ माजतं, आणि शेवाळासाठीच रोहित येतात. वासाशिवाय गुलाबी रंग मिळणार नाही.

पाऊण तासाने नाखव्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने बोट रेटायला लागला. तेव्हा आवाज ऐकू आला. लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहिल्यावर आतून येतो तसा एकसारखा गलबला, कुणाचाच शब्द वेगळा नाही. मग चिखलाच्या टोकावर गुलाबी कड दिसली आणि ती कड हलायला लागली. किती होते? नाखवा म्हणाला पाच हजार, पुण्याची मुलं म्हणाली दोन. मी मोजायच्या भानगडीत पडले नाही.

चढत्या पाण्याची गंमत अशी की आपल्याला पक्ष्यांकडे जावं लागत नाही. पाणी चिखल खात येतं आणि पक्षी पाण्याच्या कडेने मागे सरकतात. आम्ही बांबू रोवून जागच्या जागी थांबलो आणि अर्ध्या तासात थवा आमच्या बाजूला आला, रस्त्यापलीकडची बिल्डिंग असते एवढ्या अंतरावर. इथे मी दुर्बिणीला डोळे लावले ते काढलेच नाहीत.

बहुतेक छोटे रोहित. चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मधेमधे मोठे रोहित, छोट्यांपेक्षा हातभर उंच, अंगाने पांढुरके, चोच गुलाबी आणि टोक तेवढं शाईत बुडवल्यासारखं काळं. एकदा चोच बघायची सवय लागली की उंची बघावी लागत नाही. खातात ते डोकं उलटं करून, म्हणजे चोचीचा वरचा भाग खाली. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत, पाणी बाहेर, आणि चोचीच्या कडेच्या बारीक पट्ट्यांत खाणं अडकतं. आमच्या लॅबच्या भाषेत सांगायचं तर दोघांच्या गाळणीची भोकं वेगळी. छोट्याची इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ धरून ठेवते. मोठ्याची जाड, तो कोळंबीसारखे छोटे जीव आणि अळ्या गाळतो. म्हणून एकाच चिखलात दोघं शेजारीशेजारी जेवतात आणि भांडण नाही. मोठा तर पायांनी चिखल तुडवत स्वतःभोवती गोल फिरतो. सासूबाईंना दुर्बीण दिली, त्यांनी खूप वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “पिल्लं कुठंयत?” करडट तपकिरी, मळक्या रंगाची कोवळी पोरं थव्यात होती, ती दाखवली. पण घरटी इथे नाहीत, त्यासाठी ते कच्छच्या रणात जातात. “म्हनजे बाळंतपन माहेरी,” त्यांनी निकाल दिला.

रोहितांच्या पायाशी गॉडविट नावाचे चिखलपक्षी होते, शेकडो. सगळ्यांचे कॅमेरे गुलाबी रंगावर, त्यामुळे या बिचाऱ्यांना कुणी विचारत नव्हतं. लांब सरळ चोच चिखलात कपाळापर्यंत खुपसायची, शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली, वरखाली. एकाने डोकं वर काढलं तर चोचीच्या मुळाशी चिखलाचा टिळा. मला विचाराल तर त्या दिवशीचे पैसे त्या टिळ्याने वसूल झाले. पलीकडे शेकाट्यांची रांग, चमच्यासारख्या चोचीचे दोन चमचे पक्षी आणि तिवराच्या फांदीवर काळ्या टोपीचा खंड्या.

मग दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी तिवरांवरून खाली आला आणि सगळा काठ उठला. आधी टिलवे, मग गॉडविट, मग रोहित. उभा असतो तेव्हा फिकट वाटणारा हा पक्षी पंख उघडतो आणि आत लालभडक आणि काळं निघतं. अग्निपंख हे नाव कुणी दिलं असेल त्याने तो उठताना पाहिला असणार. थवा एक वळसा घालून थोडा पुढे बसला. तेवढ्यात वरून विमान गेलं. नाखव्याने मान वर केली, घाटकोपरच्या दिशेला बघितलं आणि काही बोलला नाही. 2024 च्या मे महिन्यात तिकडे विमानाच्या धडकेत जवळपास चाळीस रोहित मेले होते.

तक्रारी आहेत. लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळाली, पण ओली ठेवलेली, कुबट. माझ्या जॅकेटची एक क्लिप तुटकी होती, त्याने सुतळीने बांधून दिली. सांगितलं तर बदलून देतो म्हणाला, पण दुसरं होतं कुठे? सावली नाही. साडेदहानंतर ऊन थेट कपाळावर, आणि पाण्यावरून वर मारतं ते वेगळंच. संडासाची सोय बोटीत नाही, जेट्टीवर जी आहे तिला सोय म्हणायचं धाडस माझ्यात नाही, तेव्हा घरून निघतानाच काय ते. बसायला फळी, तिच्यावर घडी घातलेलं घोंगडं. सासूबाईंची कंबर दोन दिवस धरली होती. पक्ष्यांची नावं नाखव्याला त्याची त्याची ठाऊक आहेत. टिलवा आणि तुतवार यांतला फरक विचारलात तर तो “बारका पक्षी” म्हणेल. मला त्याचं काही वाटलं नाही, पण सोबत जाणकार हवा असेल तर तो तुम्ही आणा.

बोटीचं भाडं एकूण तीन हजार होतं, सहाजणांत वाटून पाचशे. पहिल्या सहलीचे मी नऊशे दिले होते, त्यात नाश्त्याचा उपमा धरून.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसच न्या. पहिल्या वेळी सहलवाल्याने भाड्याने दहा पटीची दिली होती, ती बोटीच्या हेलकाव्यात अशी नाचते की रोहित आणि टॉवर एकच दिसतात. चष्मा असेल तर नेत्रिकेवरचं रबर खाली दुमडा, नाहीतर अर्धं वर्तुळ काळं दिसेल आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या द्याल. तिपाई घरीच ठेवा. आणि बोट मिळालीच नाही तर ऐरोलीला वनखात्याचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथूनही फेऱ्या असतात. मात्र तिकडेही वेळ ठरवण्याआधी भरतीची वेळ बघा.

पाचपैकी चार तारे. एक जॅकेटांचा कापला.

परत येताना फळीवरून उतरताना सासूबाईंची एक चप्पल चिखलात रुतली. नाखव्याच्या पोराने कोपरापर्यंत हात घालून ती काढली, खाडीत खंगाळली आणि त्यांच्या पायात घालून दिली. घरी आल्यावर मी ती तीनदा साबणाने धुतली, तरी बाल्कनीत अजून वास येतो. फेकून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या राहू दे, आमुशा झाली की दुजेला परत जायचंय.