मालवण की अंदमान? प्रवाळ मोजायला निघालेल्या नागपूरकरासाठी

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजायची, हे वेड नागपुरात घरोघरी सापडतं. आमच्या ऑफिसातले एकजण नागझिऱ्यात वर्षानुवर्षं बसतात. गेल्या महिन्यात डबा खाता खाता त्यांनी विचारलं, "समुद्रातही अशी गणना असते म्हणे. मालवणला जाऊ का अंदमानला?" दोन्हीकडच्या पाण्यात मी उतरलोय, तरी चटकन सांगता आलं नाही. मी त्यांनाच विचारलं, "पोहता येतं ना?" म्हणाले, "गावच्या विहिरीत शिकलोय." मग म्हटलं, सविस्तर लिहूनच देतो.

आधी एक गुंता सोडवू. 'प्रवाळ वाचवा' म्हणून ज्या सहली विकल्या जातात, त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक, पर्यटकांचं स्कुबा: माणूस तुमच्या पाठीवरची हवेची टाकी धरून तुम्हाला पंधरा-वीस मिनिटं फिरवतो, फोटो काढतो, वर आणतो. दुसरी, प्रवाळाचे तुकडे जाळीवर बांधून लावायचे. तिसरी म्हणजे खरी पाहणी, पाण्याखाली लिहायची पाटी आणि पेन्सिल घेऊन. मी इथे बोलतोय ते तिसरीबद्दल. पहिलीत मजा आहे, पण तिला गणना म्हणू नये.

पाहणीची जगभर रूढ असलेली एक पद्धत 'रीफ चेक'ची. १९९६ साली सुरू झालेली ही संस्था मुद्दाम हौशी डायव्हरना हाताशी धरते. तळाशी १०० मीटरची टेप ताणायची. तिच्यावर २० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५-५ मीटर मोकळे. टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरच्या पट्ट्यातले ठरलेले मासे मोजायचे: फुलपाखरू मासा, २० सेंटिमीटरपेक्षा मोठा पोपट मासा, ३० सेंटिमीटरपेक्षा मोठा गोबरा. मग कवचवाले, काटेवाले प्राणी. शेवटी तळ. दर अर्ध्या मीटरवर टेपखाली काय आहे ते लिहायचं: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, शेवाळ, वाळू, खडक. एका टेपवर अशा १६० नोंदी.

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे दोऱ्याला बांधलेला नट, साधा लोखंडी, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला. अर्ध्या मीटरच्या खुणेवर तो सोडायचा आणि जिथे पडेल तेच लिहायचं. शेजारी कितीही देखणं प्रवाळ असो, नट वाळूत पडला की वाळू. माणसाचा डोळा सुंदर गोष्टीकडे वळतो, म्हणून निवड नटाकडे सोपवलेली.

टेप ताणली की दहा-पंधरा मिनिटं लांब थांबायचं, कारण आपल्या धडपडीने मासे पळालेले असतात. मचाणावर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की इथे बसता येत नाही, तरंगावं लागतं. श्वास आत घेतला की शरीर थोडं वर जातं, सोडला की खाली येतं. हे साधल्याशिवाय पाटीवर लिहायला गेलात तर गुडघा प्रवाळावर टेकतो, नाहीतर पायातले फिन वाळू उडवतात आणि पुढची पाच मिनिटं कुणालाच काही दिसत नाही. नागपुरात समुद्र नसला तरी जलतरण तलाव आहेत. निघण्याआधी दोन महिने पोहण्याचा दम वाढवा. ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राच्या कोर्सला, २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतंच. दमा किंवा सायनसचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. विमानाचं तिकीट काढून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

आता दोन्ही जागा शेजारी ठेवू.

पाणी बघितलं तर अंदमान सरळ सरस. स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, चांगल्या दिवशी टेपच्या २० मीटरच्या तुकड्याचं एक टोक धरलं की दुसरं दिसतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाच-सात मीटर दिसलं तरी नशीब म्हणायचं. खाड्यांतून येणारा गाळ आणि किनाऱ्याचा हलता तळ यांमुळे पाणी दुधाळ असतं. पण पाहणीच्या हिशेबाने यात एक गंमत आहे. आपल्याला अडीच मीटरपर्यंतच बघायचं असतं. तेवढं मालवणातही दिसतं. पोस्टरवरचं निळंशार पाणी फोटोसाठी लागतं, टेपसाठी लागत नाही.

माशांची गोष्ट उलटी. अंदमान-निकोबारमध्ये कठीण प्रवाळाच्या ४००च्या वर जाती नोंदल्या आहेत आणि माशांची तर जत्राच. नवखा माणूस पहिल्या पाच मिनिटांत बावरतो. पिवळे-पांढरे पट्टे असलेला प्रत्येक मासा त्याला फुलपाखरू मासाच वाटतो. शिवाय पाण्याखाली वस्तू साधारण ३३ टक्के मोठी दिसते, त्यामुळे २३ सेंटिमीटरचा गोबरा ३० चा होतो आणि नोंदीत जातो. मासा पकडणाऱ्याच्या गप्पा आणि आपल्या नोंदी यांत मग फारसा फरक उरत नाही. मालवणात जाती कमी, म्हणून हात आणि डोळा लवकर बसतो. गोबऱ्याची ओळख तर ताटातूनच झालेली असते.

मालवणचं एक वेगळं प्रकरण मात्र आधी माहीत असावं. इथलं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि मच्छीमारांचा त्याला तेव्हापासून विरोध आहे. गणना म्हणजे उद्याची मासेमारीबंदी, अशी धास्ती. पाटी-पेन्सिल बघून आमच्या होडीवाल्याने पहिला प्रश्न विचारला, "तुमी खंयच्या खात्याचे?" त्याला चहा पाजून, टेप दाखवून, त्याच्या आजोबांच्या वेळी इथे काय मिळायचं ते ऐकत तासभर बसलो. ती माहिती मला पाण्याखालच्या १६० नोंदींइतकीच मोलाची वाटली. अंदमानात ही भानगड नाही, पण सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय असलं काम करता येत नाही. तेव्हा दोन्हीकडे आयोजकाला विचारा: परवानगी कुणाच्या नावावर आहे?

अंग्रिया बँकेचं नावही कानावर येईल. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं पठार. मराठी माणसाचा ऊर भरून येतो. पण त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल, आणि ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर. तिथे संशोधन जहाजं जातात. तूर्तास नकाशावर बोट ठेवा आणि पुढे चला.

पैसा आणि रजा. मालवणला कोल्हापूरपर्यंत रेल्वे, पुढे घाट उतरून एसटी. किंवा मडगावची विशेष गाडी चालू असेल तर कुडाळला उतरायचं. जाता-येता दोन-अडीच दिवस जातात, खिसा फारसा हलका होत नाही. अंदमानला चेन्नई किंवा कोलकात्याहून विमान बदलून श्री विजय पुरम, म्हणजे पोर्ट ब्लेअर, मग बोटीने स्वराज द्वीप. तिकिटांतच बजेटचा मोठा तुकडा जातो. ओपन वॉटर कोर्सला साधारण २५ ते ४० हजार धरा. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही शिकता येतं. मी स्वतः अंदमानात शिकलो, कारण स्वच्छ पाण्यात पहिली भीती लवकर जाते. आधी मालवणला शिकलेला माणूस मात्र पुढे कुठल्याही गढूळ पाण्यात घाबरत नाही, हेही पाहिलंय.

परतीच्या प्रवासातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बरेच दिवस रोज डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं. बरीच केंद्रं २४ सांगतात. अंदमानात म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवावाच लागतो, आणि तो रजेत धरावा लागतो. मालवणवाले म्हणतात, आम्ही तर बसने जाणार. पण बस आंबोलीने किंवा गगनबावड्याने वर चढते, जवळजवळ ७०० मीटर. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनला विमान आणि घाट यांतला फरक कळत नाही, वरची हवा विरळ झाली की तो बुडबुडे धरतो. दुपारी डाइव्ह आणि रात्रीची कोल्हापूर गाडी, हा बेत करूच नका.

मोसमाचं गणित सगळ्यात अवघड. दोन्हीकडे शांत पाणी हिवाळ्यात, पण प्रवाळाची परीक्षा असते एप्रिल-मेमध्ये. समुद्राचं तापमान उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल पातळीच्या १ अंश वर जाऊन महिनाभर टिकलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. १ अंश! आपल्याकडे ४५ चा पारा ४६ झाला तर रसवंतीवर एक ग्लास जास्त जातो, एवढंच. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत भारतीय समुद्रांनी हे विरंजन भोगलं. २०२४ चं तर जगभर पसरल्याचं एप्रिलमध्ये अधिकृतपणे जाहीर झालं. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. ऊतक जिवंत असतं, पाणी वेळेत थंडावलं तर रंग परत येतो. मेलं असेल तर काही आठवड्यांत त्यावर शेवाळाची मळकट साय धरते. नवखा माणूस दोन्हींना 'मेलेलं' लिहून मोकळा होतो. मे महिन्यात जाणार असाल तर हा एक फरक शिकवल्याशिवाय आयोजकाला सोडू नका. मे सरता सरता मालवणातली केंद्रं बंद होतात आणि अंदमानातही पाऊस येतो, म्हणजे खिडकी अरुंद आहे.

लक्षद्वीपचं काय, असं विचाराल. पाणी अप्रतिम, आणि तिथल्या प्रवाळांवर शास्त्रज्ञांनी १९९८च्या विरंजनापासून सलग काम केलंय. पण प्रवेशाचा परवाना, कोचीहून अगत्तीची मोजकी विमानं, आणि राहायच्या मोजक्या जागा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जा.

मलेशिया-इंडोनेशियातल्या स्वयंसेवक सहलींना मी एकच गुण देतो: तीन-चार दिवसांत 'रीफ चेक'चं रीतसर प्रशिक्षण आणि परीक्षा होते, आणि ते प्रमाणपत्र सगळीकडे चालतं. मलेशियात तर त्यांची स्वतःची शाखाच आहे. ओपन वॉटर झालेलं असेल आणि चेन्नईहून स्वस्त तिकीट सापडलं, तर तो खर्च वाया जात नाही. ओपन वॉटरही तिथेच आणि पाहणीही तिथेच, असं आठ दिवसांचं पॅकेज मात्र घेऊ नका. चौथ्या दिवशी तुम्ही अजून स्वतःचा मास्क साफ करत असता.

पाण्यात उतरायचंच नसेल, गुडघे किंवा कान साथ देत नसतील, तरी वाट बंद नाही. जामनगरजवळ नरारा इथे ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि परवाना काढून प्रवाळांमधून चालता येतं. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या 'कोरलवॉच'चा रंगांचा तक्ता सोबत न्यायचा. प्रत्येक प्रवाळाची सगळ्यात फिकी आणि सगळ्यात गडद जागा तक्त्याशी जुळवून १ ते ६ मधला आकडा लिहायचा, निदान २० प्रवाळांचा. आमच्या वहिनींनी, वय ६१, नागपूरहून येऊन हे केलंय, आणि त्यांच्या नोंदी माझ्या पहिल्या डाइव्हच्या नोंदींपेक्षा नक्की बऱ्या होत्या. फक्त तिथे पाय कुठे टाकायचा ते वाटाड्या सांगेल तसंच. (एक तुकडाही उचलू नका. इतवारीत अंगठीत बसवून मिळतं ते पोवळं वेगळ्या जातीचं. आपल्याकडचं रीफ बांधणारं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघासोबत.)

माझी स्वतःची चूकही सांगतो. एका सहलीत आम्ही सहाजणांनी चार दिवस टेप धरली, पाट्या भरल्या, बोटीवर बसून नोंदी नीट उतरवल्या. सहा महिन्यांनी आयोजकाला विचारलं, आमचे आकडे कुठे गेले? तर ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर होते. फोटोच्या रूपात. त्यापुढे कुठेच नाहीत. त्यानंतर कुठेही पैसे भरण्याआधी मी एकच गोष्ट मागतो: गेल्या वर्षीची, त्याच जागेची भरलेली नोंद. ती दाखवता आली तर माणसं खरी.

ही अट लावली की माझा कौल आपोआप मालवणकडे झुकतो, आणि ते मला स्वतःलाही जरा नवल वाटतं, कारण मन अजून स्वराज द्वीपच्या पाण्यात आहे. एकदाच केलेल्या टेपचा उपयोग थोडा. तीच टेप, त्याच जागी, पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी टाकली तर काही कळतं. नागपूरचा नोकरदार दरवर्षी अंदमान परवडवू शकत नाही. मालवण परवडतं. ज्यांना आयुष्यात एकदाच समुद्राखाली जायचंय त्यांनी डोळे मिटून अंदमान गाठावं, शिकावं, आणि गणनेचा आग्रह सोडून द्यावा.

आमच्या नागझिरावाल्यांना मी हे सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे दरवर्षी त्याच मचाणावर?" हो, म्हटलं. "मग मालवण," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बॅचला तलावावर नाव घालून आले.