छतावरच्या वायरीत झालेली फसवणूक

डिश बसवायला आलेल्या माणसाने टीव्हीमागची एचडीएमआय केबल दाखवत "सोन्याचा मुलामा आहे, चित्र एकदम खुलेल" असं सांगून तिचे भरमसाट पैसे घेतले. छतावरून बॉक्सपर्यंत ओढलेली लांब वायर बिलात 'आरजी-६ (डिशसाठी वापरतात ती जाड वायर), शुद्ध तांबं' म्हणून लावली.

काही काळाने निम्मे चॅनल गेले. त्याला बोलावलं तर म्हणे बॉक्स बिघडलाय, नवा घ्या. पण निम्मेच चॅनल गेले म्हणजे बॉक्सच बिघडला, हे मला पटेना. मी दुसऱ्या जाणकाराला बोलावलं. त्याने वायरीचं टोक सोलून मधल्या तारेला लोहचुंबक लावलं, ते चटकन चिकटलं. आत पोलाद, वर तांब्याचा पातळ थर! पुढे काळ्या टेपखाली एक जोड सापडला: दोन तुकडे हाताने पिळून जोडलेले, मधल्या तारेभोवतीची धातूची जाळी गंजून हिरवी पडलेली. दुसरा तुकडा तर बारीक आरजी-५९.

निम्मेच चॅनल का गेले, तेही त्यानेच समजावलं. डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज याच वायरीतून जाते. काही चॅनल उभ्या लहरींवर येतात, काही आडव्या. उभ्या लहरींसाठी साधारण १३ व्होल्ट लागतात, आडव्यांसाठी १८. लांब पोलादी तार आणि गंजका जोड यांत व्होल्टेज पडलं की १८ तिथवर पोचतच नाहीत, आणि आडव्या लहरींवरचे चॅनल जातात. पोलादी तार कमी अंतरावर चालते, कारण उच्च वारंवारतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच, म्हणजे वरच्या तांब्याच्या थरातूनच वाहतो. पण तांबं सांगून पोलाद गळ्यात मारणं ही सरळ लबाडी आहे. बारीक वायरीत तर ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा हा सिग्नलही जास्त क्षीण होतो.

आणि ती सोनेरी केबल? एचडीएमआयचा सिग्नल डिजिटल असतो. तो नीट पोचला तर साध्या केबलनेही चित्र तेच दिसतं. नाही पोचला तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. मुलाम्याने रंग खुलत नाहीत.

म्हणून वायर ओढण्याआधीच टोक सोलून दाखवायला सांगा, चुंबक लावा, आणि मध्ये जोड नको हे बजावून ठेवा. छतावरचा कनेक्टर हाताने फिरवून बसवलेला नको, हत्याराने दाबून घट्ट बसवलेला, कॉम्प्रेशनचाच मागा, नाहीतर त्यातून पाणी शिरतं.

आम्ही तांब्याची अखंड वायर टाकून घेतली. बॉक्स तोच आहे, सगळे चॅनल लागतात. पहिला माणूस आता फोन उचलत नाही.