तिन्ही प्रणालींसाठी एकच बाह्य हार्ड डिस्क: एनटीएफएस की एक्सफॅट?

एकच बाह्य हार्ड डिस्क विंडोज, मॅक आणि लिनक्स यांवर आलटून पालटून वापरायची असेल, तर फाइल सिस्टिमचा (म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा) निर्णय डिस्क रिकामी असतानाच घ्यावा. नंतर ती बदलायची म्हणजे सगळा डेटा दुसरीकडे हलवून डिस्क नव्याने फॉरमॅट करणे आले.

फॅट३२ ही फाइल सिस्टिम जवळजवळ सर्वत्र चालते, परंतु तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. व्हिडिओ साठवणाऱ्याने तिचा विचार सोडून द्यावा.

खरी निवड उरते ती एनटीएफएस आणि एक्सफॅट यांमध्ये. एनटीएफएसमध्ये जर्नलिंगची सोय आहे, म्हणजे रचनेतील बदलांची नोंद आधी केली जाते. त्यामुळे लिहिण्याचे काम चालू असताना केबल निसटली, तरी फाइल सिस्टिम सावरण्याची शक्यता बरीच अधिक असते. अडचण मॅकची आहे: तेथे एनटीएफएस डिस्क वाचता येते, पण वेगळे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर काही लिहिता येत नाही. लिनक्सला ही अडचण नाही. एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर (फाइल सिस्टिम हाताळणारे सॉफ्टवेअर) जुनाच आहे आणि २०२१ मधील ५.१५ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिहू शकणारा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला आहे. म्हणून केवळ विंडोज आणि लिनक्स वापरणाऱ्याने एनटीएफएसच निवडावी, असे माझे मत आहे. (लिनक्स अशा डिस्कवर लिहू देत नसेल, तर ती विंडोजमधून नीट ‘इजेक्ट’ केली होती का, म्हणजे काढण्याची आज्ञा देऊन मगच काढली होती का, हे प्रथम पाहावे.)

मॅकवरही लिहायचे असेल, तर एक्सफॅटला सोयीचा पर्याय नाही. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली ही सिस्टिम मॅकवर १०.६.५ आवृत्तीपासून चालते, आणि लिनक्स कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर २०१९ मध्ये, ५.४ या आवृत्तीत आला. मात्र तिच्यात जर्नलिंग नाही, त्यामुळे ‘इजेक्ट’ न करता डिस्क ओढून काढण्याची सवय येथे महागात पडते. शिवाय लिनक्समधील फाइलींच्या मालकीची व परवानग्यांची माहिती आणि सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) तिच्यात टिकत नाहीत. मोठ्या डिस्कवर विंडोज सहसा १२८ केबीचे क्लस्टर (फाइलीला दिला जाणारा जागेचा सर्वांत लहान तुकडा) ठेवते, म्हणून हजारो बारीक फाइली असलेला सोर्स कोड अपेक्षेहून कितीतरी जास्त जागा अडवतो. तेव्हा एक्सफॅट ने-आण करण्यासाठी वापरावी, एकमेव प्रत ठेवण्यासाठी नव्हे.

मॅकमधील बॅकअपची सोय असलेले टाइम मशीन एक्सफॅटवर थेट बॅकअप घेत नाही. तोही याच डिस्कवर हवा असेल, तर सुरुवातीलाच दोन पार्टिशन (डिस्कचे स्वतंत्र भाग) करून एक एपीएफएस या मॅकच्या फाइल सिस्टिममध्ये ठेवावे. विंडोजला ते वाचता येत नाही, त्यामुळे ते फॉरमॅट करण्याविषयी विंडोजने विचारल्यास नकार द्यावा.